समुद्राच्या गाळपेरीत मांडलेली चूल

आमच्या घरच्या लोकांना सहल जमत नाही. लग्न जमतं, दहावं जमतं, जत्रा तर फारच झकास जमते. पण नुसतं कुठंतरी जायचं, बसायचं आणि समोर जे आहे ते बघायचं, एवढं साधं काम आमच्यातल्या एकालाही येत नाही. आम्ही समुद्रावर गेलो होतो ती गोष्ट सांगते, म्हणजे पटेल.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जुन्नरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि मला स्वतःखेरीज सगळी माणसं अडाणी वाटायची. ते वयच तसं असतं म्हणतात. माझं जरा जास्तच लांबलं. घर येडगावात, धरणाच्या काठाला. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. धाकटे काका पिंपरीला कंपनीत होते. शनिवारी काकीला आणि दोन मुलांना घेऊन यायचे आणि रविवारी जाईपर्यंत जग कसं असतं ते आम्हाला समजावून सांगायचे. समुद्राची टूम त्यांचीच. त्यांचा कंपनीतला कोणी मित्र अलिबागच्या पुढच्या एका गावाला सहकुटुंब जाऊन आला होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक आम्हाला अजून विसरले नसतील, तर उगाच आठवण करून द्यायला नको.

काकांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळे ‘पॉइंट’ लिहून आणले होते. किल्ला, घोडागाडी, खाडीतली होडी, दीपगृह आणि शेवटी सूर्यास्त. प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. किल्ल्याला चाळीस, घोडागाडीला पंधरा, सूर्यास्ताला दहा. मी पान नीट वाचलं. समुद्र त्यात कुठंच नव्हता. मी तसं म्हणाले, तर काका म्हणाले, “आगं, तो तर दिसनारच हाय. त्येला काय येगळा टाइम लागतो?”

खरं सांगायचं तर आमच्यात समुद्र हवा होता तो एकट्या आईला. तिचं माहेर शिनोलीच्या पुढं डोंगरात. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी. लहान असताना वडिलांबरोबर भीमाशंकरला गेली की ते तिला कड्यावर उभं करायचे आणि खाली कोकणाकडं बोट दाखवायचे. “ती धुरावानी रेघ दिसती का? तिच्या पल्याड समुद्र हाय.” तिला कधी ती रेघसुद्धा धड दिसली नाही, कारण बहुतेक वेळा नुसतं धुकंच असायचं. पण त्या पल्याडच्या पाण्यात एकदा पाय बुडवायचा, हे तिनं तेव्हापासून मनात धरलं होतं. मला तिनं हे एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता. सांगून लगेच स्वतःच हसली, म्हणजे मी हसायच्या आत तिचं हसून झालेलं असावं. मी हसले नाही. पण पुढं काही बोललेही नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. कुठंही गेलं तरी एक बाई सामानाजवळ बसते. आमच्या घरात ती बाई म्हणजे आई, कारण ती थोरली सून. लेण्याद्रीला आम्ही पाच-सहा वेळा गेलो असू, आई एकदाही वर चढली नाही. पायऱ्यांच्या तळाशी आमच्या चपलांचा ढीग आणि पिशव्या घेऊन ती बसायची आणि आम्ही वरून येताना तिला प्रसाद आणायचो. जत्रेत तेच, लग्नाच्या मांडवात तेच. तिला कोणी ‘बस’ म्हणायचंही नाही. सामान जमिनीला टेकलं की ती त्याच्या शेजारी टेकलेली असायची. आणि सामान तरी काय हो? भाकरीचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी, दोन सतरंज्या. चोरानं पळवलं असतं तर त्याचीच कीव आली असती.

समुद्राला जाताना तर कहर झाला. पाणी घरून घेतलं, दोन मोठे कॅन, कारण “तिकडचं पानी बाधतं.” सरपण घेतलं. चुलीचे तीन दगडसुद्धा घेतले, कारण समुद्राकाठी दगड मिळतात की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. काकांनी फर्मान काढलं होतं की समुद्रावर गरमागरम मासवडी झाली पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मासवडीत मासा नसतो. बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं आणि माशासारख्या तिरप्या वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा. आबा माळकरी, त्यामुळे घरात मासळीचं नाव नाही. थोडक्यात, दोन घाट ओलांडून समुद्रावर जायचं आणि तिथं बेसनाचा मासा खायचा, असा आमचा बेत होता.

गाईंच्या धारा काढायला निरगुडसरच्या आत्याला आदल्या दिवशीच आणून ठेवलं. जीप आमचीच, टोमॅटोचे क्रेट बाजारात न्यायची. तिच्यात बसलं की नासक्या टोमॅटोचा वास नाकात जायचा तो उतरल्यावरही जायचा नाही. पहाटे निघालो. खेडच्या घाटात एक चुलतभाऊ ओकला, बोरघाटात दुसरा. काकी दोन्ही वेळा म्हणाली, “सकाळी च्या पाजायलाच नको व्हता.” आई मागच्या बाकावर तीन दगडांवर पाय ठेवून बसली होती आणि सारणाचा डबा मांडीवर घट्ट धरून होती.

अकराच्या सुमाराला सुरूची झाडं लागली आणि झाडांच्या मधून समुद्र दिसला. काकांनी घड्याळ बघितलं. आबा म्हणाले, “पानी लई हाय की रं.” काकी म्हणाली, “वास कसला म्हनायचा हा!” आणि पदर नाकाला लावला. कारण पलीकडं दोन कोळणी पाट्या घेऊन बसल्या होत्या. आई समुद्राकडं वळली. डबा छातीशी धरून ती बघत राहिली.

आता आबांबद्दल. पाणी या विषयात आमच्या गावात आबांचा शब्द शेवटचा. धरणाचं पाणी उन्हाळ्याकडं उतरत जातं तशी काठाची जमीन उघडी पडते. तिला आम्ही गाळपेर म्हणतो. तिच्यात कलिंगडं, काकड्या, गुरांचा मका घेता येतो, पण पाणी किती उतरेल आणि वरच्या धरणांतून आवर्तन म्हणजे पाळीचं पाणी कधी सुटेल, हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर पेरलेलं पाण्यात जातं. आबा पाण्याच्या कडेला काठी रोवायचे, सकाळी येऊन बघायचे आणि सांगायचे, “चार बोटं उतरलंय. पेरा बिनघोर.” त्यांचं कधी चुकलं नाही. म्हणजे येडगावात कधी चुकलं नाही.

तर समुद्रावर उतरल्यावर आबांनी पहिलं काम काय केलं असेल? सुरूची एक वाळकी फांदी मोडली, लांब वाळू तुडवत पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि रोवली. मग एक बिडी संपेल एवढा वेळ, बिडी न ओढताच, थांबले. पाणी काठी सोडून मागं सरकलं. आबा परत आले ते छाती काढून.

“उतारात हाय पानी. घ्या जीप खाली. चूल बी तिकडंच मांडा, वल्ल्या वाळूत. हितं वर लई फुफाटा उडतोय.”

सुरूच्या सावलीत एक माणूस शहाळी विकत होता. तो उठून आला. चांगला, अदबीनं बोलणारा माणूस. म्हणाला, “गाडी खाली नका नेऊ. दुपारनंतर पाणी इथपर्यंत येतं.”

आबांनी त्याला आपुलकीनं विचारलं, “आसं का? कवा सोडत्यात?”

“काय सोडतात?”

“पानी. वरून.”

“कोणी सोडत नाही हो. आपलं आपण येतं.”

आबा त्याच्याकडं बघत राहिले. मग “बरं बरं, पावणं” म्हणाले, आणि तो लांब गेल्यावर आमच्याकडं वळून हळूच बोलले, “आपलं आपन येतं म्हनं. हितलं इरिगेशन खातं लईच ढिलं दिसतंय.”

काका खो खो हसले. मीही हसले. त्या शहाळीवाल्याला हसले. खरं तर मला माहीत होतं. भरती-ओहोटी शाळेत शिकले होते, व्याख्या तोंडपाठ होती, परीक्षेत पाचांपैकी पाच मार्क पडले होते. पण पुस्तकातल्या आकृतीत चंद्र काढला होता, जीप काढली नव्हती. मला वाटलं, भरती म्हणजे पाण्याची कड चार पावलं पुढं-मागं होत असेल. सगळ्यांना अडाणी म्हणणारी मी, तेवढंच माझं शिक्षण.

जीप खाली नेली. ओल्या वाळूत तीन दगड मांडले. आईनं चूल पेटवली, परात काढली, फडकं भिजवलं. पाणी तेव्हा दोनेकशे पावलं लांब होतं. ती मान वर करून एकदा त्या दिशेला बघायची आणि पुन्हा बेसनात हात घालायची. मला ते दिसलं. मी म्हणाले, “आई, किल्ला बघून आले की मी बसते सामानापाशी. मग तू जा पाण्यात.”

“व्हय?” ती म्हणाली. “जा तू. निवांत ये.”

किल्ला टेकडीवर होता. जुन्नर तालुक्यातली माणसं आम्ही, मान वर केली की शिवनेरी दिसतो, आणि आम्ही एवढ्या लांब येऊन किल्ला बघायला चढत होतो. निम्म्या वाटेवर आबा म्हणालेच, “आसलं दगड आपल्याकडं काय कमी हायेत?” वर पोचलो तर तिन्ही बाजूंना समुद्र. निळा, मोठा, डोळ्यांत मावेना. आबांनी समुद्राकडं पाठ केली आणि चौथ्या बाजूला खाली नारळी-पोफळीच्या बागा होत्या, त्यांना पाणी कसं पाजतात ते बघत उभे राहिले. चुलतभावांनी तटावर खडूनं आपली नावं लिहिली. खडू घरून आणलेला. काकी एका दगडावर बसली आणि तिनं विचारलं, “आता अजून काय बघायचं ऱ्हायलंय?” काकांनी चाळीस मिनिटं झाल्याचं जाहीर केलं आणि पानावर फुली मारली.

मी खाली आईकडं आले. पहिला घाणा थापून झाला होता.

“झालं का?” तिनं विचारलं.

“घोडागाडी राहिलीय. काका थांबलेत. ती झाली की बसते.”

हे मी सहज म्हणाले. मला घोडागाडीत बसायचं होतं, कॅमेरा काकांकडं होता आणि मला माझा फोटो हवा होता. एवढीच गोष्ट. आईनं मान हलवली.

घोडागाडी चौघांची होती, आम्ही सहा जण बसलो. घोड्याच्या अंगावर हाडं मोजता येत होती. मालक उतरा म्हणत होता आणि काका म्हणत होते, “पोरं धरायची न्हाईत, राव.” झिरमिळ्या लावलेल्या त्या गाडीतला, मालकाकडून काढून घेतलेला आमचा फोटो अजून आहे. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडं बघतोय, ताठ, जणू निवडणुकीला उभे आहोत. मागं समुद्र आहे, पण तो काकीच्या डोक्यामागं झाकला गेलाय.

पुन्हा आईकडं आले. मासवड्या कापून परातीत लावल्या होत्या, रस्सा उकळत होता. मला पाण्याची कड मघापेक्षा जवळ वाटली. आबांची काठीही दिसेना. पण तेवढ्यात काका लांबून हाका मारायला लागले, होडी सुटतेय म्हणून.

“होडी आणि दीपगृह, दोनच राहिलेत,” मी म्हणाले. “आलेच मी.”

आई समुद्राकडं बघत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “जा. मी हाय हितं.”

होडीचं काय सांगू? खाडीत अर्धा तास फिरवलं. पांढरे पक्षी होते, काठाला खारफुटी होती, नावाडी हौसेनं दाखवत होता. आमच्यातल्या कोणी वर बघितलं असेल तर शपथ. आबांनी त्याला पाणी किती खोल, तळाला गाळ किती, आणि हे पाणी पंपानं उचललं तर ऊस येईल का, एवढे तीन प्रश्न विचारले. नावाडी म्हणाला, “बाबा, हे खारं पाणी.” आबांनी बोट बुडवून चाखून बघितलं. एवढं पाणी असून फुकट, हे दुःख त्यांच्या तोंडावर परत येईपर्यंत होतं. दीपगृह बंद होतं. काकांनी कुंपणाबाहेरून बघितलं आणि फुली मारली.

परतीची वाट झाडांच्या मागून होती. त्यामुळे किनारा दिसला तो एकदम.

काठी नव्हती. चूल नव्हती. वाळूच नव्हती. आमची जीप चाकांच्या निम्म्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि पाण्याची कड तिला मागं टाकून सुरूच्या दिशेनं वर येत होती. एक सतरंजी फुगून तरंगत होती. परात हलत हलत चालली होती आणि मासवड्या एकेक करून तिच्यातून बाहेर पडून समुद्रात जात होत्या.

आणि जीपच्या पुढं, आणखी आत, आई उभी होती. लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं. पाठ आमच्याकडं. लाट आली की ती बाजूला व्हायची नाही, पाय रोवून समोर उभी राहायची, लाट अंगावर फुटली की एक पाऊल मागं यायची आणि पुन्हा एक पाऊल पुढं. दोन्ही हात मोकळे होते. मी तोवर तिचे हात मोकळे बघितले नव्हते. ती हसत होती. मोठ्यानं, एकटीच, लाटेच्या आवाजातही आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

“आरं पानी सोडलं रं कुनीतरी!” आबा ओरडले आणि धोतर सावरत पळाले. काका किल्ली शोधायला लागले. काकीनं कपाळाला हात लावला.

आणि मी काय केलं? मी जीव खाऊन ओरडले, “आई! बघत काय उभी राहिलीस! येड लागलं का तुला? सामान उचल की, सामान!”

तिनं वळून बघितलं. हसू तोंडावर तसंच होतं, ते उतरायला जरा वेळ लागला. मग ती वाकली. परात धरली, सतरंजी ओढून पिळली, रश्श्याचं पातेलं शोधून आणलं. तीन दगडसुद्धा पायानं चाचपून एकेक बाहेर काढले. सगळं डोक्यावर आणि काखेत घेऊन ती पाण्यातून वर आली आणि सुरूखाली सामान मांडून त्याच्या शेजारी बसली.

जीप रुतली ती रुतलीच. शेवटी त्या शहाळीवाल्यानंच गावातून माणसं आणि बैल आणले, दोर बांधले आणि ती ओढून काढली. तो आबांना एका शब्दानं काही बोलला नाही. उलट एक शहाळं फोडून हातात दिलं आणि म्हणाला, “घ्या, दमलात.” आबांनी खाली बघत ते पिऊन टाकलं. आमच्या गावात कोणी असं फसलं असतं तर आम्ही त्याला तीन पिढ्या सोडलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं आणि बरं वाटलं नाही.

सूर्यास्त आमच्या पाठीमागं झाला, कारण तोवर आम्ही घराच्या वाटेला लागलो होतो. काकांनी त्यावरही फुली मारली. जीपमध्येच राहिल्यामुळं वाचलेली भाकरी आणि चटणी सगळ्यांनी वाटेत खाल्ली. आई मागच्या बाकावर होती, लुगडं अंगावरच वाळत होतं आणि त्याच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटत होती. समुद्र कसा वाटला, असं तिला कोणी विचारलं नाही. सगळा वेळ आबा कसे चुकले यातच गेला.

पुढं दहा वर्षं ही गोष्ट घरात, लग्नात, बारशात सांगितली गेली. सगळ्यात रंगवून मीच सांगायचे. “कवा सोडत्यात?” असं आबांच्या आवाजात म्हटलं की माणसं पोट धरून हसायची. आबाही ओशाळं हसायचे. हळूहळू पाण्याबद्दल त्यांना गावात कोणी विचारेनासं झालं, निदान गंमत केल्याशिवाय तरी नाही. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि चहा टाकायला उठायची.

मग आमच्याच धरणावर सहली यायला लागल्या. पुढच्या दशकात पुण्याच्या लोकांना गाव आवडायला लागलं. काठाला तंबू लागले, पायडलच्या होड्या आल्या, कोणीतरी ‘बीच’ अशी पाटीसुद्धा लावली. येडगावात बीच! आमच्या गाळपेरीत, जिथं आबांनी जन्मभर कलिंगडं पिकवली, तिथं माणसं अर्ध्या चड्डीत उभी राहून चिखलाचे फोटो काढू लागली. बैलगाडीत बसून किंचाळायला लागली. दुपारी सगळ्यांना मासवडी हवी आणि तिच्यात मासा निघाला नाही की रुसायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, सुट्टीला आले होते. ओट्यावर आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, मी शेजारी. खाली एका कुटुंबानं गाडी थेट पाण्याच्या कडेला नेली होती आणि आबा बांधावरून ओरडत होते, “भाऊ, गाडी वर घ्या! वरून आवर्तन सुटलंय, पानी चढतंय!” गाडीवाल्यानं हात हलवला आणि बायकोचा फोटो काढत राहिला. मला हसू फुटलं. ‘आमच्या आबांचीच जात’ म्हणाले आणि सवयीनं ती जुनी गोष्ट सुरू केली. मध्येच काहीतरी डोक्यात आलं आणि मी थांबले.

“आई, तू तर तिथंच होतीस. पाणी येताना तुला दिसलं नव्हतं का गं?”

“न दिसायला काय झालं?” ती म्हणाली. शेंग फोडायची थांबली नाही. “डोळं व्हतं की मला. काठी बुडाली तवाच कळलं.”

“मग हाक मारायची. सामान तरी वर न्यायचं.”

“तुजी वाट बघितली. किल्ला झाला, घोडागाडी झाली. तिसऱ्यांदा तू गेलीस तवा म्हनलं, आता काय आपलं जानं व्हत न्हाई. मला सामान सोडून जाता येत न्हाई, तर येऊ द्यावं त्येलाच हिकडं.”

जीप, रस्सा, सतरंज्या, सगळं तिनं डोळ्यांदेखत बुडू दिलं होतं. आणि दहा वर्षं आम्ही आबांना हसत होतो, ती आमच्याबरोबर हसत होती.

“अगं, पण आबा…”

“काठी त्येंनीच रवली व्हती,” ती म्हणाली. “शेताला पानी लावून यायला उशीर झाला तर मला किती डाव येडी म्हनलेत त्ये. ऱ्हाऊ दे.”

खाली गाडीचा मालक आता चाकांकडं बघून ओरडत होता आणि आबा ट्रॅक्टर आणायला निघाले होते. मला तिची क्षमा मागावी असं वाटत होतं, पण आमच्याकडं आईची क्षमा मागायची रीत नाही. म्हणून मी दुसरंच काहीतरी विचारलं.

“किती वेळ मिळाला गं तुला पाण्यात?”

तिनं टरफलं पदरातून झटकली.

“तू वरडंस्तवर.”